मागच्या सीटवरची मावशी

मॅडमचा फोन आला तेव्हा विजयमाला ज्वारी निवडत बसली होती. वर्षभरात त्या नंबरावरून एकदाही फोन आला नव्हता.

"मावशी, उद्या जरा शाळेत येऊन जाता का?" मॅडम एवढंच म्हणाल्या, तेही इतक्या मऊ आवाजात, की जणू मधे काही घडलंच नव्हतं.

विजयमाला हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी घरची कामं उरकून, चॉकलेटी साडी नेसून ती आसरा चौकात आली आणि होटगी रस्त्याच्या रिक्षात बसली.

एप्रिल लागला की सोलापुरातल्या शाळा सकाळच्या होतात आणि अकराच्या पुढं रस्ते ओस पडायला लागतात. डांबर मऊ पडतं. तारेवरचा कावळा चोच उघडी टाकून नुसता बसून राहतो. अंधारात काही दिसत नाही म्हणून माणूस भितो. इथल्या दुपारी सगळं लख्ख दिसतं, फक्त माणूस कुठं दिसत नाही. अशा वेळी बायका लेकरांना झाडाखाली जाऊ देत नाहीत. का, ते कुणी सांगत नाही.

शाळेच्या फाटकातून आत शिरताना विजयमालानं मान खाली घातली. डाव्या हाताला कडुलिंबाखाली पिवळी बस उभी होती. तिच्याकडं न बघता ती सरळ ऑफिसात गेली.

मुख्याध्यापिका राजनंदिनी मॅडमच्या खोलीत एसीची घरघर चालू होती. "बसा मावशी," मॅडम म्हणाल्या आणि स्वतः उठून त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. इतकी वर्षं नोकरी केली त्यात त्या खोलीत विजयमालाला कुणी बसा म्हटलं नव्हतं. ती खुर्चीच्या कडेला टेकली.

काय घडलं होतं ते आधी सांगायला हवं.

विजयमाला होटगी रस्त्याच्या बसवर मावशी होती. शाळेची आकाशी साडी नेसायची, पोरांना चढवायची, उतरवायची, कुणाला गाडी लागली तर डोकं धरून बसायची. बस हणमंत चालवायचा. दर वर्षी ती त्याला राखी बांधायची. पोरांमधला सगळ्यात लहान म्हणजे अजिंक्य, पहिलीतला. होटगीच्या अलीकडं रेल्वेच्या फाटकाजवळ त्याचं घर. वडील रेल्वेत गँगमन, आई अंकिता रोज फाटकाच्या थांब्यावर छत्री घेऊन उभी. शेवटचा थांबा त्याचाच असल्यानं पोरगं उन्हानं पेंगायचं आणि मागच्या लांब सीटवर, तोंडावर खिडकीचा पडदा ओढून झोपी जायचं. थांबा आला की विजयमाला ओला हात त्याच्या तोंडावरून फिरवून त्याला उठवायची आणि आईच्या हातात द्यायची.

मागच्या वर्षी याच दिवसांत संस्थेच्या अध्यक्षांकडं पाहुणे आले. शाळेतच जेवणावळ होती. मॅडमनी विजयमालाला हॉलमध्ये वाढायला थांबवून घेतलं.

"बसमधी बारकी पोरं हायत, मॅडम," ती म्हणाली होती.

"आजचा दिवस जाऊ द्या तशीच. हणमंत आहे ना."

ती पाहुण्यांना वाढत राहिली. हणमंतनं एकेक पोर उतरवलं. रेल्वेच्या फाटकाजवळ कुणी उठलं नाही, तेव्हा अजिंक्य आज आलाच नसेल असं समजून तो थांब्याकडं न बघताच पुढून वळला. अंकिताच्या डोळ्यांदेखत बस निघून गेली. तिनं शाळेत फोन केला, तर ऑफिसातून सांगितलं की गाडी पुन्हा येईल, तिथंच थांबा. ती उन्हात थांबली. हणमंतनं बस अंगणात लावली, कुलूप घातलं आणि जेवायला गेला. त्या दिवशी बस कडुलिंबाखाली नव्हती. झाडाखाली पाहुण्यांच्या गाड्या होत्या, म्हणून बस उन्हात लावली होती.

संध्याकाळी कुलूप काढलं, तेव्हा सगळं संपलेलं होतं. आतून काचेवर लहान हातांचे ठसे होते. ते विजयमालानं बघितले.

पोलीस आले तेव्हा मॅडमनी जबाबदारीचे तीन तुकडे केले. शाळेच्या फाटकाच्या आत शाळेची, बसमध्ये मावशीची आणि उतरल्यावर पालकांची. मधला तुकडा विजयमालाच्या पदरात पडला. "त्या बसमध्येच होत्या," मॅडमनी सांगितलं, "मागच्या सीटवर. डोळा लागला असेल." हणमंतनंही तेच सांगितलं. ज्यांच्या ताटात तिनं दोनदा भात वाढला, त्यांच्यापैकी एकालाही ती आठवली नाही.

तिला अटक झाली. जामीन मिळाला, खटला उभा राहिला. गल्लीतनं ती निघाली की बायका आपापली पोरं आत घेत. आणि अंकिता पोलीस ठाण्यात तिच्याकडं बघून फक्त एवढंच म्हणाली होती, "त्याचा तुमच्यावर लई जीव व्हता."

आता त्याच मॅडम समोर बसून हातरुमालाची घडी घालत होत्या.

"मावशी, त्या बसवर बाई टिकत नाही. एक आली की दुसरी जाते. पालक ओरडतायत."

"का टिकंनात?"

मॅडमनी खिडकीकडं बघितलं. "खुळ्या समजुती असतात लोकांच्या. तुम्ही आज एक फेरी मारा. जुनी मुलं तुम्हाला ओळखतात. एकदा तुम्ही जाऊन आलात की सगळं शांत होईल असं मला वाटतं."

मग मॅडम उठून जवळ आल्या आणि त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"पुढच्या आठवड्यात माझी साक्ष आहे. मी खरं ते सांगेन. तुम्ही हॉलमध्ये होतात म्हणून सांगेन. शब्द देते."

वर्षभरात कुणी तिच्या अंगाला असा हात लावला नव्हता. तिला रडू आलं. ती उठली आणि बसकडं गेली.

हणमंत स्टिअरिंगवर होता. तो बराच वाळला होता. तिला बघून त्यानं मान दुसरीकडं वळवली. ती दाराजवळच्या सीटवर बसली. पोरं चढली, पण नेहमीसारखा गलका झाला नाही. सगळी पुढच्या बाजूला दाटीवाटीनं बसली, एकेका सीटवर तिघं-तिघं. मागची अर्धी बस रिकामी राहिली. हणमंतनं इंजिन सुरू केलं तसा तापलेल्या रेक्झिनचा आणि डब्यातल्या शेंगाचटणीचा वास हलायला लागला.

शेवटी चढली ती धम्मप्रिया, दुसरीतली, दोन वेण्यांना लाल रिबिनी. तिनं विजयमालाकडं बघितलं, मग मान लांब करून मागं बघितलं, आणि पुन्हा विजयमालाकडं.

"मावशी, तुम्ही पुढं कशा आलात?"

"म्हंजी?"

"आत्ता तर मागं होतात. मी खालून खिडकीतनं बघितलं." मग तिनं चॉकलेटी साडीच्या काठाला बोट लावलं. "आणि साडी पण निळी होती."

विजयमालानं मागं वळून बघितलं. लांब सीट रिकामी होती. पडदा खाली लोंबत होता, आणि सगळ्या खिडक्यांतून गरम वारा आत येत असताना तो एकटा पडदा हलत नव्हता.

थांबे येत गेले. तिनं एकेकाला हात धरून उतरवलं, समोर कोण न्यायला आलंय ते बघितल्याशिवाय बस हलू दिली नाही. धम्मप्रियाला न्यायला तिची आजी आली होती. मग बस रिकामी झाली. वळायला जागा फक्त रेल्वेच्या फाटकाजवळ होती, म्हणून हणमंत तिथवर गेला.

फाटकाच्या थांब्यावर अंकिता छत्री घेऊन उभी होती.

विजयमालानं पदर तोंडावर ओढला. पण अंकितानं पुढं बघितलंच नाही. बस तिच्यासमोरून हळूहळू वळली आणि तिची नजर मागच्या काचेला चिकटून बसबरोबर वळत गेली. तिच्या चेहऱ्यावर राग होता. वर्षभराचा शिळा, वाळून गेलेला राग.

"ती रोज येती?" विजयमालानं विचारलं.

"रोज." हणमंतचं हे पहिलं बोलणं.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इंजिनाचा एकसुरी आवाज चालला होता आणि त्या आवाजाच्या खाली आणखी एक आवाज होता. आधी तिला वाटलं पत्रा वाजतोय. मग कळलं, की कुणाचा तरी श्वास आहे. लहान, भरभर चाललेला… ताप आलेल्या लेकराचा असतो तसा.

ती उठली.

"नका जाऊ, ताई…" हणमंत हळू म्हणाला.

"काय हाय तितं, हणमंता?"

त्यानं डोक्यावरच्या आरशाकडं बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. "मी जबाब दिला की वो त्या दिवशी… बाई मागच्या सीटवर बसली हुती म्हणून. मॅडम म्हणल्या तसं बोललो. दुसऱ्या दिवशी गाडी काढली, आरशात बघितलं…" त्याचा आवाज बसला. "तुमी बसला हुता. निळी साडी. तवापासनं रोज हाय."

"मी हितं हाय की रे."

"व्हय. तुमी हितं उभ्या हाय. आन् तितंबी बसल्याय."

विजयमाला मागं निघाली. सीटचे दांडे हाताला चटका देत होते. एकेक रांग मागं पडत गेली तसं आत अंधारून यायला लागलं. बाहेर रणरणतं ऊन होतं, पण ते काचेवर येऊन थांबत होतं, आत येत नव्हतं. वास बदलला. कोंडलेल्या, घामेजलेल्या कपड्यांचा वास, आणि त्यात दुधाळ, लहान पोराच्या केसांचा.

शेवटच्या रांगेत ती स्वतः बसली होती.

आकाशी साडी, पदर खांद्यावरून नीट घेतलेला, हात मांडीवर. चेहरा तिचाच, पण त्यात काही नव्हतं. पुसलेल्या पाटीसारखा. डोळे उघडे होते आणि समोर बघत होते. तिच्या मांडीवर डोकं ठेवून, पडदा तोंडावर ओढून अजिंक्य झोपला होता. पडदा त्याच्या श्वासानं आत-बाहेर होत होता.

"अजिंक्य…" विजयमालाच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला. "ऊठ बाळा. घर आलं."

पोरगं हललं. पडद्याआडून आवाज आला, कोरडा, चिकटलेल्या ओठांचा. "मावशी… पाणी…"

बसलेली बाई हलली नाही.

"आगं, दे की त्याला पाणी! उठव त्याला!"

त्या बाईनं हळूच मान वर केली. आवाज विजयमालाचाच होता, पण खूप लांबून आल्यासारखा. "मला नुसतं बसायला सांगितलंय…"

विजयमालानं पोराला उचलायला हात पुढं केला. बोटं तापलेल्या रेक्झिनवर पडली आणि भाजली. सीटवर कुणी नव्हतं.

बस अंगणात येऊन थांबली तेव्हा ती सरळ मॅडमच्या खोलीत गेली. "मॅडम, तुमीच तिला तितं बसवलंय. मी नव्हते ते तुमी सांगा. सांगितल्याबिगर ते लेकरू सुटायचं न्हाय."

मॅडमनी आधी खोलीचं दार लावून घेतलं, मग म्हणाल्या, "सांगते म्हटलं ना." या खेपेला त्यांनी हात लावला नाही.

खटल्याच्या दिवशी साक्षी सकाळीच सुरू झाल्या. हणमंतला आधी बोलावलं. सरकारी वकिलानं विचारलं, घटनेच्या दिवशी आरोपी कुठं होती?

हणमंतनं विजयमालाकडं बघितलं. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. तिला वाटलं, आता हा बोलणार.

"बसमधीच व्हत्या," तो म्हणाला. "मागच्या सीटवर. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." खाली उतरून तिच्या जवळून जाताना तो पुटपुटला, "खोटं न्हाय बोललो, ताई. मला आता तेवढंच आठवतं. हॉल आठवतच न्हाय."

मग मॅडम आल्या. फिकट पिवळी साडी, हातात पाण्याची बाटली. विजयमाला त्यांच्याकडं बघत होती, आपल्याकडं एकदा तरी बघतील म्हणून. त्यांनी बघितलं नाही. त्यांचा आवाज वर्गात शिकवावं तसा स्पष्ट होता. आरोपी बसमध्ये होती. तिची नेमणूकच त्यासाठी होती. त्या दिवशी शाळेत कार्यक्रम होता, पण वाढायला बाहेरची माणसं होती. आणि अजून एक, त्या म्हणाल्या, गेल्या आठवड्यात आरोपी स्वतःहून शाळेत आली, तिनं बसची फेरी केली, मागच्या सीटपाशी जाऊन ती रडली. ड्रायव्हरनं बघितलंय. मनात काही नसतं तर ती तिथं का गेली असती?

विजयमालाला आधी त्या शब्दांचा अर्थच लागेना. मग लागला. हातावर ठेवलेला तो हात तिला आठवला आणि तिनं तो आपला हात पदराला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला.

मॅडमना तिच्या वकिलाचे प्रश्न जेवणाच्या सुट्टीनंतर होते. ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. तेवढ्यात जिन्यावरून अंकिता घाईघाईनं वर आली. तिलाही आज बोलावलं होतं, पण ती उशिरा आली होती. विजयमालाला बघून ती जागीच थांबली.

"तुमी हितं कशा?"

"सकाळपासनं हितंच हाय, ताई."

"खोटं बोलू नगा." अंकिता पुढं आली. "रोज माझ्या म्होरनं जाता. मागच्या काचेतनं माझ्याकडं बघत जाता. मी काय वाईट केलं तुमचं? आजबी तुमी बसमधी व्हता. आत्ता, मी निघताना. आन् मांडीवर…" ती मधेच थांबली.

"मांडीवर काय?"

"मला रोज माझा अजिंक्यच दिसतो. लोक म्हणत्यात मला भास व्हतो." तिनं विजयमालाची चॉकलेटी साडी नीट बघितली, जणू पहिल्यांदाच. "आज दुसरंच कोन तरी व्हतं. पोरगी व्हती. लाल रिबिनी."

विजयमाला उभी राहिली. हणमंत सकाळपासून कोर्टात होता. म्हणजे आज बस दुसऱ्याच कुणीतरी नेली होती, आणि बसवर बाई नव्हती. तिनं शाळेत फोन लावला. ऑफिसातल्या पोरीनं सांगितलं की बस कधीच आली, मुलं सगळी उतरली. जरा आत बघून या, विजयमाला म्हणाली. तर म्हणे ड्रायव्हर चावी घेऊन जेवायला गेलाय, आणि आपण कोण बोलताय?

अंकितानं तिचा दंड धरला. दोघी जिना उतरून रस्त्यावर आल्या आणि दिसेल त्या रिक्षात बसल्या. अंकितानं तिचा दंड एकदाही सोडला नाही.

अंगणात ऊन पांढरं पडलं होतं. शाळेचा राखणदार बसप्पा "ओ बाई, कुठं चाललाय" म्हणत मागून धावला. बसच्या मागच्या काचेवर आतून बाष्प धरलं होतं, आणि त्या बाष्पात एक लहान तळवा उमटलेला होता. अंकितानं तो बघितला. तिनं कुंपणाचा सैल दगड उपसला आणि एक शब्द न बोलता काचेवर घातला. एकदा, दोनदा. काच फुटली तशी भट्टीचं दार उघडावं अशी वाफ बाहेर आली.

विजयमाला खिडकीतून आत गेली. हात कापला ते तिला कळलं नाही. धम्मप्रिया मागच्या सीटवर कुशीवर पडली होती, चेहरा लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले. छाती हलत होती. विजयमालानं तिला उचललं, तेव्हा क्षणभर तिला वाटलं की पोर कुणीतरी धरून ठेवलंय. मग ती पकड सुटली. सुटली नव्हे, सोडून दिली. तिनं पोरीला खिडकीतून अंकिताच्या हातात सोपवलं. पोरीच्या गालावर सीटचे वळ नव्हते. साडीच्या काठाची बारीक नक्षी उमटली होती.

मॅडमची पांढरी गाडी आत आली तेव्हा बसप्पा पोरीच्या डोक्यावर पाणी ओतत होता. मॅडम उतरल्या, पण जवळ आल्या नाहीत. गाडीचं दार उघडं टाकून त्या लांबच उभ्या राहिल्या, फोन कानाला लावून.

धम्मप्रिया वाचली. दुसऱ्या दिवशी विजयमाला आणि अंकिता दवाखान्यात तिला बघायला गेल्या. तिच्या आईनं वर्तमानपत्र पुढं केलं. शाळेनं म्हटलं होतं, की मुलगी एक क्षणही एकटी नव्हती. शाळेच्या मावशी बसमध्येच होत्या आणि त्यांनीच तिला बाहेर काढलं. विजयमालानं ते दोनदा वाचलं. तिनं केलेली एकमेव बरी गोष्टही त्यांनी उचलून आपल्या खोट्याला जोडली होती.

"मावशी," धम्मप्रिया उशीवरून म्हणाली. हाताला सलाइन होतं. "त्या दुसऱ्या मावशी पण उतरल्या."

"कवा?"

"तुम्ही काच फोडलीत तेव्हा. माझ्यामागनं उतरल्या. मला झोप म्हणाल्या होत्या, पण उठवायला त्यांना येत नव्हतं."

अंकिता पलंगाजवळ वाकली. "एकल्याच व्हत्या?"

"नाही. कडेवर मुलगा होता. झोपलेला." पोरगी आठवत म्हणाली, "उन्हात उभ्या राहिल्या थोडा वेळ. मग मोठ्या मॅडमच्या गाडीत जाऊन बसल्या. दार उघडंच होतं."

अंकिता खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

सुट्टीनंतर हजर न राहिल्याबद्दल कोर्टानं विजयमालाला चांगलंच सुनावलं आणि पुढची तारीख दिली. त्या तारखेला मॅडम आल्या तेव्हा ओळखू येईनात. डोळे खोल गेलेले, केस कसेतरी बांधलेले. विजयमालाच्या वकिलानं विचारलं, "आरोपी बसमध्ये होती हे तुम्ही इतक्या खात्रीनं कसं सांगता? तुम्ही स्वतः पाहिलंत?"

मागच्या वेळी त्यांच्याकडं प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर होतं. या वेळी त्यांची नजर विजयमालावरून पुढं सरकली आणि कोर्टातल्या सगळ्यात मागच्या, रिकाम्या बाकावर जाऊन टेकली.

"होय," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू होता की न्यायाधीशांनी मान पुढं केली. "मागच्या सीटवर बसल्या आहेत. मांडीवर मूल आहे. मी बघते. रोज बघते."

त्यांच्या डोळ्यांत बघून विजयमालाला कळलं, की या बाईला आता खरं बोलायला सांगून उपयोग नाही. तिला जे दिसतं तेच ती सांगत होती. त्या दिवशीचा तो हॉल, ती ताटं, वाढणारी विजयमाला आता जगात कुणालाच आठवत नव्हती. फक्त विजयमालाला स्वतःला.

निकाल अजून लागायचा आहे.

कोर्ट सुटल्यावर अंकिता आणि ती पायऱ्यांवर उभ्या होत्या. खाली उन्हात मॅडम आपल्या गाडीपाशी गेल्या. त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं. त्यांनी आधी गाडीचं मागचं दार उघडलं आणि लेकरू घेतलेल्या बाईला आत बसून पदर सावरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते तसंच धरून ठेवलं. मग हळूच लावलं. पुढं बसल्यावर त्या मागं वळून काहीतरी बोलल्या. उत्तर आलं असावं, कारण त्यांनी मान हलवली.